ओटा नकाशात नव्हता

अन्याय अंजनाबाईंवर झाला. मागच्या वर्षी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी. घरातली माणसं बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळायला शेतावर गेली होती, आणि इकडे जेसीबीनं त्यांच्या दारापुढचा ओटा पाडला. अंजनाबाई तेव्हा त्या ओट्यावरच बसल्या होत्या. ड्रायव्हर म्हणाला, "अम्मा, बाजू हटो." त्या उठल्या, मांडीवरचा कापूस पदरात गोळा केला आणि उंबऱ्याच्या आत जाऊन उभ्या राहिल्या. कुणाला लागलं नाही, भांडण झालं नाही, पेपरात दोन ओळी आल्या नाहीत. रस्ता झाला म्हणून गावात पेढे वाटले गेले.

गावाचं नाव मी देत नाही. सीमेपलीकडच्या तेलुगू मुलखातल्या बोथ मंडलातलं, म्हणजे तालुक्यातलं आहे, एवढं पुरे. नाव दिलं की वाचणारा म्हणतो, "अच्छा, तिकडं होय," आणि पान उलटतो.

दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारे लोक बहुतेक निवृत्त असतात. मी अजून तिशी गाठलेली नाही. पण ज्या गल्लीत मी काम शिकले ती गल्ली आता तशी राहिली नाही, आणि तिच्याबद्दल कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून मीच बसले. माझी शाळा तेलुगूत झाली. मराठी लिहायला मी एका संघटनेची पत्रकं लिहून शिकले, त्यामुळे माझं वाक्य जरा ओरडतं. सवय आहे, जात नाही.

पत्रकांवर पोट भरत नव्हतं, म्हणून एका छोट्या संस्थेत घरभेटीचं काम धरलं. घरभेट म्हणजे काय, तर ठरल्या वारी एका गल्लीत जायचं, तिथल्या म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब मोजायचा, बोट टोचून साखर बघायची, गोळ्या चालू आहेत का, पडलेबिडले का, झोप लागते का, हे विचारायचं. काही गडबड दिसली तर दवाखान्यात पाठवायचं. औषध मी देत नाही, मी डॉक्टर नाही. हे मी पहिल्या दिवशी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी मला पाहून कुणीतरी हाळी दिली, "बीपीवाली आली वो!" तेव्हापासून तेच नाव.

ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं की पेशंटला शांत खोलीत बसवा, बोलू देऊ नका, मग पट्टा बांधा. मी शांत खोली शोधत अंजनाबाईंच्या घरात शिरले, तर घरात कुणी नाही. सगळे बाहेर, ओट्यावर.

"आत काऊन चालली? आत काय हाय, अंधार हाय," अंजनाबाई म्हणाल्या. "बस इथी. आन तो पट्टा आधी लच्चव्वाले लाव, तिची छाती धडधडून राह्यली सकाळपासून."

लच्चव्वा ही समोरच्या घरातली. तेलुगू बोलणारी, भाजी विकून पोरं वाढवलेली. पन्नास वर्षं मराठी गल्लीत राहून तिनं स्वतःची एक भाषा बनवली होती, त्यात लेकराला 'बिड्डा'. "अय्यो बिड्डा, मले काय झालं नाई," ती म्हणाली, "हिच्या तोंडाकडं बघितलं की धडधड होतो."

हसू ओसरेपर्यंत मी पट्टा बांधून बसले. बोलू देऊ नका म्हणे! त्या ओट्यावर गप्प कुणाला करणार?

ओटा साधाच होता. दगडी, वर शहाबादी फरशी, बसलं की पाय जमिनीला टेकतील एवढा उंच. घराचं तोंड पूर्वेला, म्हणून दुपार कलली की भिंतीची सावली त्यावर पडायची. त्या वेळेला अंजनाबाई टोपली घेऊन बसायच्या. टोपलीत पहिल्या वेचणीचा कापूस. बोटांनी सरकी काढायची, कापूस पिंजून मोकळा करायचा आणि मांडीवर तळहातानं वाती वळायच्या. या भागात कापूस सगळ्यांच्याच घरी, पण अंजनाबाईंच्या वाती गावभर जायच्या. ज्याच्या घरी पूजा, तो येऊन मूठभर घेऊन जायचा. एकेक करून बायका जमायच्या आणि वाती वळू लागायच्या. मी कापूस हातात घेतला की सगळ्या माझ्या वातीकडे बघून गप्प व्हायच्या. माझ्या वाती अळीसारख्या व्हायच्या.

समोरच्या किराणा दुकानाच्या पायरीवर काशिनाथ काकाजी. दुकान पोरानं घेतलं होतं. काकाजींनी उमेदीची वर्षं तहसीलसमोर लोकांच्या दरख्वास्ती, म्हणजे अर्ज, लिहिण्यात घालवली होती, म्हणून त्यांच्या बोलण्यात दफ्तर, नक्षा, कब्जा, मोजणीला पैमाईश असे शब्द अजून असायचे. ते बायकांत येऊन बसायचे नाहीत. आपल्या पायरीवर बसून पेपर मोठ्यानं वाचायचे, आणि या बायका ओट्यावरून त्यांच्या बातम्यांना उत्तरं द्यायच्या.

त्या काकाजींची साखर मी शोधली नाही. ओट्यानं शोधली.

"बीपीवाली," अंजनाबाई एकदा मला म्हणाल्या, आवाज मुद्दाम समोर पोचेल असा, "त्या काकाजीचं बोट टोच आधी. एक बातमी पुरी वाचून नाई राह्यला माणूस. मधातच उठते, भिंतीमागं जाते, येते, पाणी पेते, पुन्हा जाते."

"बाई, मानसाच्या जान्यायेन्यावर तुमची नजर कशाले?" काकाजी पेपराआडून म्हणाले.

"तुमी पेपर मोठ्यानं काऊन वाचता? आमचं ध्यान तिकडे जाते मंग."

काकाजींचं बोट टोचलं. साखर इतकी होती की मी यंत्र खराब झालं समजून दुसऱ्या बोटाला टोचलं. दवाखाना झाला, गोळ्या सुरू झाल्या. पण पथ्य कोण सांभाळणार? घरात सून बोलायला भीत होती, पोरगा गल्ल्यावर. पथ्य ओट्यानं सांभाळलं. काकाजींच्या दुकानातून चहा निघाला की समोरून ओरडा: "बिनसाखरेचा हाय का? काकाजी, कपात बोट बुडवून पाहीन मी!" काकाजी चिडायचे, दरख्वास्त करीन म्हणायचे, आणि बिनसाखरेचा प्यायचे.

लच्चव्वाला गोळी घ्यायचा कंटाळा. तिच्यासाठी नियमच होता: चहाच्या आधी सगळ्यांनी आपापली गोळी ओट्यावर, सगळ्यांसमोर घ्यायची.

"घेतली?"

"घेतली."

"जीभ काढ."

"अय्यो, मी काय लहान पोरगी हाय?"

"लहान पोरगी असती त मारली असती. जीभ काढ."

आणि लच्चव्वा जीभ काढून दाखवायची, सत्तरीतली बाई, सगळी गल्ली हसायची. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, माझं निम्मं काम इथं फुकटात होतंय. मी फक्त आठवड्यातून एकदा येऊन आकडा लिहिते.

मग तो दिवस आला ज्यामुळे मी ओट्याला मानायला लागले. मी नेमकी तिथंच होते. वाती चालू होत्या, चहा उकळत होता, आणि अंजनाबाईंनी एकदम हात थांबवला.

"लच्चव्वा काऊन नाई आली?"

"झोपली असन," कुणीतरी म्हणालं.

"चहाची वेळ सोडून झोपणारी बाई नाई थे. रेखा, जाय, पाहून ये."

रेखा ही अंजनाबाईंची सून. हात पुसत गेली आणि तिथूनच किंचाळली. लच्चव्वा न्हाणीत पाय घसरून पडली होती. हाड मोडलं होतं, हाक मारायला आवाज निघत नव्हता. आम्ही तिला ऑटोत घालून बोथला नेलं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत. पोरगा बाजारातून यायचा संध्याकाळी. तोवर ती त्या ओल्या फरशीवर पडून राहिली असती तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

तिच्यासाठी कुठलं यंत्र वाजलं नाही. तिची बसायची जागा रिकामी दिसली, एवढंच. पण त्यासाठी आधी जागा असावी लागते.

आता रस्त्याचं. मी रस्त्याच्या विरोधात नाही. गल्लीत पावसाचं पाणी साचायचं, डास व्हायचे, तापानं लोक आजारी पडायचे. रस्ता मागणारं पत्रक मीच लिहिलं होतं, आणि पुन्हा लिहायची वेळ आली तर पुन्हा लिहीन. पण आम्ही रस्ता आणि नाली मागितली होती, गल्ली काढून द्या असं म्हटलं नव्हतं. कामावरचे इंजिनीअर साहेब नकाशा घेऊन आले. काकाजी चष्मा पुसून पुढे झाले.

"साहेब, या नक्षात ओटा कुठी हाय?"

"ओटा नाही. ही सरकारी जागा आहे. घराच्या भिंतीपासून रस्ता."

"नक्षात नाई म्हणजे जमिनीवर बी नाई का? पन्नास वर्षांपासून बाया बसून राह्यल्या, त्याची पैमाईश कोण करन?"

साहेब हसले. "काकाजी, बायका घरात बसतील. घरं मोठी आहेत."

बायका घरात बसतील! मला तेव्हा साहेबांच्या हातातला नकाशा फाडावासा वाटला. फाडला नाही. दुपारी चहाच्या वेळेला एकदा येऊन बघा, एवढंच मी म्हणाले. ते आले ते पोळ्याच्या आदल्या दिवशी, जेसीबी घेऊन.

रस्ता झाला, चांगला झाला. भिंतीला लागून खोल उघडी नाली, तिच्या पलीकडे उंच सिमेंट. उंबऱ्यातून रस्त्यावर यायचं म्हणजे नाली ओलांडून वर चढायचं. जवान माणूस टांग टाकून जातं. अंजनाबाईंनी एकदा चौकटीला धरून पाय उचलला आणि परत मागे घेतला. आणि सरळ गुळगुळीत रस्ता मिळाल्याबरोबर मोटरसायकली सुसाट. लच्चव्वाचं जोडलेलं हाड, हातात काठी. समोरासमोर दोन दारं, त्यात दोन मैत्रिणी उभ्या राहून ओरडून बोलायच्या, मधून गाडी गेली की अर्धं वाक्य गाडीखाली. महिन्याभरात त्यांनी ओरडणं सोडलं.

आता मला शांत खोली मिळाली. अंजनाबाई आत बाजेवर, टीव्ही चालू, नजर टीव्हीवर नाही. पट्टा बांधला की आकडा चढलेला. गोळ्यांचं पाकीट भरलेलं.

"गोळ्या काऊन नाई घेतल्या, माय?"

"घेतल्या असन."

"पाकीट भरलेलं हाय."

"मंग नाई घेतल्या." आणि थोड्या वेळानं, "आज वार कोणता हाय वं?"

हा प्रश्न त्यांनी मला कधी विचारला नव्हता. माझ्या येण्यावरूनच त्यांना वार कळायचा. चालताना भिंत धरू लागल्या. टोपलीतला कापूस तसाच. "बाहेर बसाले जागा नाई, आत वाती कोणासाठी वळू?" त्या म्हणाल्या. मी एक पत्रक लिहिलं. त्यात काहीही मोठं मागितलं नव्हतं: नालीवर फरशी टाका, भिंतीला लागून बसायपुरता कट्टा ठेवा.

पत्रकाचा परिणाम झाला, असं गावातले पुढारी सांगतात. गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्यावर, दोन सिमेंटची बाकडी आली. पाठीवर देणाऱ्याचं नाव रंगवलेलं. उद्घाटनाला अंजनाबाईंना मोटरसायकलवर बसवून नेलं, हार घातला, बाकड्यावर बसवलं आणि फोटो काढला. भाषण संपल्यावर सगळे चहाला गेले. शेवटचा फोटो कुणीतरी तेव्हा काढला. त्यात बाकड्यावर अंजनाबाई एकट्या, गळ्यात हार, ऊन तोंडावर.

तो फोटो गावाच्या ग्रुपवर गेला, तिथून बाजारहत्नूरला त्यांच्या लेकीच्या फोनवर. लेकीनं रेखाला फोन लावला आणि रडायलाच लागली: "माह्या मायले रस्त्यावर काऊन बसवलं तुमी? घरात जागा नाई राह्यली का तिले?"

ज्यांना हे कळलं नाही त्यांना सांगते. आमच्याकडे म्हातारी बाई ओट्यावर बसली तर ती घरात असते. ओटा घराचा. डोक्यावर पदर घेऊन ती दिवसभर बसो, कुणी काही विचारत नाही. पण तीच बाई सडकेच्या बाकड्यावर एकटी दिसली की बघणारा एकच गोष्ट धरतो: सुनेनं हाकललं. बाकडं पुरुषांचं, वाट बघणाऱ्यांचं, बसस्टॉपचं. हे साहेबांना माहीत नसेल, ठीक. पण हार घालणारे आमच्याच गावचे होते. त्यांच्या घरात काय आया नव्हत्या?

रेखाच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीवर दोघी जणी तिला पाहून बोलता बोलता थांबल्या. अंजनाबाईंनी माझ्यासमोर सुनेचा हात धरला. "मी आता बाहेरच नाई जात. तुले बोल नोको लागाले."

त्यांनी शब्द पाळला. कापूस वेचणी सुरू झाली तरी त्या उंबऱ्यापर्यंत आल्या नाहीत. मधल्या काळात लच्चव्वाला लेकीनं निर्मल शहरात आपल्याकडे नेलं. वरच्या मजल्यावरचं घर, जिना. लच्चव्वा फोनवर म्हणाली, "खिडकी हाय बिड्डा. खाली बघतो. कोणाचं तोंड ओळखत नाई." अंजनाबाईंना मी फोन दिला. "गोळी घेतली का?" "घेतली." मग फोन परत.

संक्रांतीनंतर एका दुपारी मी गल्लीत वळले आणि थांबले. अंजनाबाईंच्या दाराबाहेर नालीवर एक जुनं सागवानी दार आडवं टाकलेलं होतं. गोठ्याचं दार. खाली विटा रचलेल्या, भिंतीला टेकलेलं, कडेला पाय टेकायला दगड. त्यावर अंजनाबाई बसल्या होत्या, आणि त्यांना अगदी खेटून, सूप मांडीवर घेऊन, तूर निवडत रेखा.

"कोणी आणलं हे?"

"मीच ओढत आणलं," रेखा म्हणाली. "एकटी बसली त लोक म्हणतात सुनेनं हाकललं. आता सून बाजूले बसून राह्यली. म्हणा काय म्हणता थे."

तेवढ्यात विहिरीवरची एक बाई घागर घेऊन चालली होती. "काय वं रेखा, सासूची राखण करून राह्यली का?"

"राखण नाई, बसून राह्यली. घागर ठेव, तुले बी जागा हाय."

बाईनं घागर ठेवली. बसली. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "कापूस नाई का वं, माय?" रेखा आत जाऊन टोपली घेऊन आली. अंजनाबाईंची बोटं सुरुवातीला अडखळली, सरकी निसटून नालीत पडायची. समोरून काकाजींनी पेपर उघडला आणि पहिली बातमी मोठ्यानं वाचली.

मी पट्टा बांधला. आकडा काय आला ते सांगत नाही, एका आकड्यानं काही सिद्ध होत नसतं, हे मला शिकवलंय. पण त्यानंतरच्या महिन्यांत अंजनाबाई भिंत न धरता त्या दारापर्यंत स्वतः चालत येऊ लागल्या. गोळ्यांचं पाकीट रिकामं होऊ लागलं. एकदा त्यांनी माझी वात हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, "अजून अळीच हाय." मला काय आनंद झाला सांगू!

लच्चव्वाची जागा मात्र रिकामी आहे. तिला परत आणा म्हणून मी निर्मलला लेकीशी बोलले. लेक चांगली आहे. ती म्हणाली, "ताई, तिथं पडली तर कोण बघेल?" मी म्हणाले, गल्ली बघेल. म्हणताना माझाच आवाज पडला. गल्ली आता एका दारावर उभी आहे, आणि ते दारही विटांवर.

आणि आता पंचायतीकडून सांगून गेलेत की ते दार काढा. नाली साफ करायला अडचण होते, रस्त्याच्या हद्दीत येतं, दिवाळीनंतर माणसं येतील. सांगायला आलेला माणूस वाईट नव्हता, मान खाली घालून बोलत होता. रेखा म्हणाली, "नाली मी साफ करतो, दार राहू द्या." तो म्हणाला, "माझ्या हातात नाही." काकाजींनी कित्येक वर्षांनी दरख्वास्त लिहायला घेतली आहे, हात थरथरतो, म्हणून मी लिहिते, ते सांगतात. इंजिनीअर साहेबांना मी पुन्हा भेटले. नालीवर फरशी टाकून भिंतीला कट्टा करता येतो का, हे विचारलं. "येतो की," ते म्हणाले, "पण आधी सांगायला पाहिजे होतं. नकाशा मंजूर झाला."

आधी! आधी म्हणजे कधी, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आता मला माहीत आहे, म्हणून तुम्हाला सांगते. दार काढलं तर अंजनाबाई आत जातील, आणि या वेळेला त्यांना बाहेर आणायला काय करावं लागेल मला ठाऊक नाही. त्यांच्यासाठी आमचं आम्ही भांडू. तुम्ही तुमचं काम करा.

तुमच्या गल्लीचा रस्ता येतोच आहे. ग्रामसभेत नाहीतर वॉर्डाच्या बैठकीत नकाशा पसरतील आणि सहीसाठी पेन तुमच्या हातात देतील. पेन खाली ठेवा. आपल्या दारापुढच्या जागेवर बोट टेकवा आणि विचारा, इथली म्हातारी माणसं दुपारी कुठं बसणार? ती जागा तुमच्या डोळ्यांदेखत नकाशात काढून देईपर्यंत सही करू नका.